उजनीच्या पाण्याखाली गेलेले गाव जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर कसे शोधावे?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठावर होते आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात ते पुरते बुडाले. आज आम्ही ज्याला गाव म्हणतो ते माळावर वसवलेले पुनर्वसित गाव आहे. नाव तेच, ग्रामदैवतही तेच, पण देऊळ, पार, शाळा, चावडी हे सगळे नव्या जागी नव्याने बांधलेले. जुन्या गावात ज्यांचे तरुणपण गेले अशी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांत माझी आत्या आहे. तिचे वय ऐंशीच्या घरात आहे आणि जुन्या गावाची वाट तिला अजून पाऊल न पाऊल आठवते. येत्या चैत्रातील जत्रेपूर्वी नव्या शाळेच्या भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा रंगवायचा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे.

गावातील एका दिवंगत गुरुजींच्या ट्रंकेत एक इंचास एक मैल या प्रमाणाचा जुना रंगीत स्थलनिर्देशक नकाशा सापडला. त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा आणि खालची पट्टी वाळवीने खाल्ली आहे, त्यामुळे नकाशाचा क्रमांक आणि वर्ष दोन्ही कळत नाहीत. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात मात्र १८° ३०′ आणि ७४° ४५′ हे आकडे स्पष्ट दिसतात. नकाशात लोहमार्ग डिकसळजवळ भीमा ओलांडून पलीकडे जातो. आज जिथे क्षितिजापर्यंत पाणी दिसते तिथे नदीची एक बारीक निळी रेघ आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना गावांची नावे आहेत. हे पाहून आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. हा नकाशा कोणत्या काळातील आहे हे कसे ठरवावे? आमचे गाव नकाशात आहे, पण माझे वडील ज्या वस्तीवर जन्मले ती वाडी त्यात नाही. ती नंतर वसली असे समजावे, की नकाशा करणाऱ्यांनी ती सोडून दिली असे समजावे? नदीच्या काठालगत एके ठिकाणी १५ हा आकडा आणि त्यापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर आहे, त्याचा अर्थ काय? आणि हा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर नेमका बसवून जुने गावठाण पाण्यात कुठे आहे हे सांगता येईल का? भिंतीवर रंगवलेले चित्र पुढची पिढी खरे मानणार आहे, म्हणून अंदाजाने काही रंगवण्याची माझी तयारी नाही.

भूगोल शिकवते

आपण कोपऱ्यातील आकडे दिलेत, म्हणून क्रमांक सहज निघतो. भारतीय सर्वेक्षण खात्याने देशाचे चार अंश लांब व चार अंश रुंद असे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. त्यांपैकी ४७ क्रमांकाचा चौकोन १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व एवढा आहे. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ‘ए’ ते ‘पी’ या अक्षरांनी ओळखतात. अक्षरे वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली, एकेका उभ्या रांगेने जातात. अशा प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे त्याच क्रमाने पाडलेले असतात. या हिशेबाने पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये येते आणि आपला नकाशा ४७ जे/१५ ठरतो. त्याच क्रमांकाची, पण १ : ५०,००० या मेट्रिक प्रमाणाची नंतरची आवृत्तीही मिळवा, कारण एकाच चौकटीच्या दोन काळांतील प्रती शेजारी ठेवल्याशिवाय काय बदलले हे कळत नाही.

वर्ष छापलेला कागद गेला असला तरी काळ ठरवायला नकाशाच साक्ष देतो. प्रमाण इंच-मैलाचे आहे आणि उंची फुटांत आहे, म्हणजे मेट्रिक नकाशे येण्याआधीची ही प्रत आहे. समासात राज्याचे नाव कुठे उरले असेल तर पाहा. ‘बॉम्बे’ असेल तर पाहणी किंवा छपाई १ मे १९६० पूर्वीची असण्याची शक्यता मोठी आहे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी, की पाहणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष यांत पुष्कळ अंतर असू शकते. जुन्या पाहणीवर रस्त्यांची किरकोळ दुरुस्ती करून तोच नकाशा पुन्हा छापण्याची पद्धत होती, त्यामुळे नवा रस्ता दिसला म्हणून वस्त्याही त्याच वर्षीच्या आहेत असे मानू नये.

‘१५ आर’ या खुणेचा अर्थ सापेक्ष उंची असा आहे. दरड, बांध किंवा तलावाची पाळ शेजारच्या जमिनीपासून किती उंच आहे ते या आकड्याने सांगतात, आणि आपल्या प्रतीत तो आकडा फुटांत आहे. म्हणजे त्या ठिकाणी नदीची दरड सुमारे पंधरा फूट उभी होती. आपल्या आत्याबाईंना तिथे पाण्यावर उतरायला पायऱ्या किंवा उतार कुठे होता ते अवश्य विचारा, कारण एवढ्या उंच दरडीवरून बायका घागरी घेऊन कुठूनही उतरत नसणार.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे पाण्याची पातळी. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर १,६३० फूट आहे. मृतसाठ्याची पातळी, म्हणजे जिच्याखालचे पाणी एरवी धरणातून सोडता येत नाही ती पातळी, ४९१.०३ मीटर, म्हणजे सुमारे १,६११ फूट आहे. आपल्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर पन्नास फुटांना असाव्यात आणि प्रत्येक पाचवी रेषा जाड असावी. १,६०० आणि १,६५० या दोन बारीक रेषा शोधून वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी गिरवा. १,६५० च्या वर असलेली गावे बुडाली नाहीत, १,६०० च्या खाली असलेली खोल गेली, आणि या दोहोंच्या मधली गावे हीच खरी विचार करण्याची जागा आहे. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्यातच असते, म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे ज्या उन्हाळ्यात आपण म्हणतो त्या उन्हाळ्यातही पुष्कळ पाणी शिल्लक असते. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर अशाच उन्हाळ्यात उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. आपले गावठाण १,६११ फुटांच्या आसपास असेल, तर अशा एखाद्या वर्षी आपल्याला जुन्या पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या जमिनीवर, पाय ठेवता येईल.

परंतु दोन रेषांच्या मध्ये असलेल्या जागेची उंची नकाशावरून अंदाजानेच काढावी लागते आणि तो अंदाज वीस-पंचवीस फुटांनी सहज चुकू शकतो. पूर्ण संचय पातळी आणि मृतसाठा यांतले अंतर अवघे एकोणीस फुटांचे आहे. म्हणून ‘गाव अमुक पातळीला उघडे पडते’ असे विधान फक्त नकाशावर विसंबून करू नका.

उपग्रहचित्रावर नकाशा बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नकाशा सपाट ठेवून स्कॅन करून घ्या आणि ज्या जागा आजही हललेल्या नाहीत अशा निदान आठ-दहा जागा दोन्हीकडे जुळवा. डिकसळचा जुना रेल्वेपूल ही त्यातली सर्वांत भरवशाची जागा ठरेल. लोहमार्ग वळवल्यानंतर तो पूल इंदापूर आणि करमाळा तालुक्यांना जोडणारा रस्त्याचा पूल म्हणून वापरात आला. माळावरची त्रिकोणाची खूण असलेली त्रिकोणमितीय ठाणी, बुडाली नाहीत अशा गावांची देवळे आणि न बदललेले तिठे हेही चालतील. ओढ्याचे संगम घेऊ नका, कारण फुगवट्यात तेच सर्वांत आधी फसवतात.

नुसत्या अक्षांश-रेखांशांवर नकाशा बसवला तर तो आपल्या भागात शंभर-दीडशे मीटर सरकलेला दिसेल. त्यात चूक कोणाचीच नाही. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती मापावर, आधारलेले आहेत आणि आजची उपग्रहयंत्रणा डब्ल्यूजीएस ८४ हे दुसरे माप वापरते. याहून जुने, एकोणिसाव्या शतकातील नकाशे हाती आले तर अधिक सावध राहा. त्यांचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या जुन्या मोजमापावर बेतलेले असत आणि नंतर त्यात सुमारे अडीच मिनिटांची चूक निघाली. आपल्या अक्षांशावर ती चार किलोमीटरांहून अधिक भरते. काही प्रतींच्या समासात ती दुरुस्ती छापलेली असते, पण ती टीप वाचायची राहून जाते आणि अख्खे गाव नदीच्या दुसऱ्या काठावर जाऊन पडते.

जुना भूकरमापक

बाईंनी सगळे नेमके सांगितले आहे. मी वाडीविषयी लिहितो, कारण भूमी अभिलेख खात्यातील माझी नोकरी याच कामात गेली.

एक इंचास एक मैल या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे त्रेसष्ट मीटर. पाच-सात खोपट्यांची वस्ती त्या कागदावर एका टिंबाएवढीही भरत नाही. सर्वेक्षण खात्याला लष्कर, रस्ते, कालवे यांसाठी डोंगर, नद्या आणि वाटा हव्या होत्या. कोणाच्या शेतात कोणाची वस्ती आहे हे त्यांचे काम नव्हते. म्हणून वाडी नकाशात नाही एवढ्यावरून ती नव्हती असे ठरत नाही. नकाशात आहे ते होते असे बहुधा म्हणता येते, नाही ते नव्हते असे म्हणता येत नाही. भिंतीवर रंग चढवण्यापूर्वी हे सर्वांना समजावून सांगा.

तुम्हाला खरा उपयोग महसुली गावनकाशाचा होईल. इंदापूर तालुक्याचे नाव आमच्या खात्यात मानाने घेतले जाते, कारण १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या पद्धतीने जमिनीची मोजणी व आकारणी सुरू केली, आणि जी पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली, ती प्रथम इंदापूर तालुक्यात बसवली गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे आणि एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, हा आजही तोंडी असलेला हिशेब त्या पद्धतीचा आहे. सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीने वाहता येईल एवढे क्षेत्र हा आधार धरला होता. त्यामुळे गावनकाशावरील नंबरांचे आकार पाहिले तरी कुठे भारी काळी होती आणि कुठे हलके माळरान होते याची कल्पना येते. नदीकाठचे नंबर लहान दिसतील, माळाकडचे मोठे.

त्या नकाशात गावठाणाची हद्द स्वतंत्र आखलेली असते. आपल्याकडे गावाचे दोन भाग फार जुन्या काळापासून मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीच्या राखेने आणि पडलेल्या भिंतींच्या मातीने पांढुरकी झालेली वस्तीची जमीन. गावठाणाबाहेर दूर कुठे एखाद्या नंबराला ‘पांढरीचे रान’ असे नाव असेल तर तिथे त्याहून जुनी वस्ती होती असे समजून चौकशी करावी. स्थलनिर्देशक नकाशात तिथे फार तर एक छोटा उंचवटा दिसेल.

आणखी एक सांगतो. इंच-मैलाच्या नकाशावर गाव म्हणजे लाल चौकोनांचा एकच पुंजका असतो. त्यात पाटलाचा वाडा कुठे आणि महारवाडा कुठे हे कळत नाही. महसुली कागदांत वतनाच्या जमिनी, देवस्थान इनाम, महार वतन यांचे नंबर वेगळे नोंदलेले सापडतात. ते नंबर गावनकाशावर रंगवले की कोणाची वस्ती कोणत्या बाजूला होती आणि कोणाला नदीची जमीन होती ते उघड दिसते. आत्याबाईंच्या आठवणीत तिच्या आळीची वाट असेल. गावकुसाबाहेरच्या घरांतील म्हातारी माणसे आज जिथे असतील तिथे जाऊन त्यांच्या वाटाही विचारून घ्या, नाहीतर भिंतीवर अर्धेच गाव उतरेल.

कागद मागताना एक अडचण येईल. पुष्कळ गावांत गटवाडी, म्हणजे जमिनींचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडणे, होऊन सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले आहेत. आत्याबाईंच्या तोंडी जुना सर्व्हे नंबर असेल आणि उताऱ्यावर गट असेल, म्हणून दोन्हींचा मेळ दाखवणारे पत्रक आधी मागा. याशिवाय भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा सरकारी निर्णय, आणि त्यासाठी जागेवर केलेल्या संयुक्त मोजणीचे कागद शोधा. पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक घराची, विहिरीची आणि झाडाची भरपाई ठरवण्यासाठी यादी केलेली असते. विहीर पक्की की कच्ची, आंबा किती, बाभळी किती, असे सगळे तिथे सापडते. माझ्या पाहण्यात गावाचे इतके बारीक वर्णन दुसऱ्या कोणत्याही कागदात आलेले नाही.

कुर्डीची लेक

मी गोव्याची आहे. साळावली धरणात आमचे सांगे तालुक्यातील कुर्डी गाव १९८० च्या दशकात गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. मे महिन्यात पाणी उतरले की आम्ही कुर्डीकर तिथे जमतो.

आमचा अनुभव सांगते, उपयोगी पडला तर पाहा. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे असल्याने त्याआधीच्या कागदांत गावांची नावे पोर्तुगीज वर्तनीत येतात, तेव्हा एकाच वाड्याची दोन-तीन रूपे मांडून ठेवल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. तुमच्याकडेही जुन्या इंग्रजी वर्तनीमुळे हे होईल. नावे डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचून म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. माझ्या आजीला कागदावरचे एकही अक्षर कळत नव्हते, पण मी अडखळत वाचलेले एक नाव तिने लगेच दुरुस्त केले, आणि ते आमच्या कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) बांधाचे नाव निघाले.

शिवाय पाणी उतरेल तेव्हा नकाशा हातात घेऊन चालत जा. घराचा चौथरा, विहिरीचे तोंड, तुळशीवृंदावन यांची जागा मोबाईलवर नोंदवून ठेवा. दरवर्षी गाळ वाढतो, आणि गेल्या वर्षी दिसलेला चौथरा यंदा दिसेलच असे नाही.

भूगोल शिकवते

कुर्डीकर ताईंच्या सूचनेला जोडून आणखी काही साधने सांगते. अमेरिकेच्या कोरोना या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांतली नंतरच्या कॅमेऱ्यांची चित्रे इतकी स्पष्ट आहेत की शेतांचे बांध ओळखता येतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या भागाची चौकट टाकून शोध घ्या. उजनीचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ही चित्रे बरोबर आपल्याला हव्या असलेल्या काळातील आहेत. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रे १९७२ पासून मिळतात. ती ढोबळ आहेत, पण पाणी कोणत्या वर्षी कुठवर चढले ते त्यांत दिसते.

आणि १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका विसरू नका. धरण पूर्ण होण्याआधीची ती शेवटची जनगणना. प्रत्येक गावाचे क्षेत्रफळ, घरे, लोकसंख्या आणि सोयी तिच्यात दिलेल्या असतात. त्यामागे जायचे असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे सोलापूरचे १८८४ चे आणि पुण्याचे १८८५ चे खंड आहेतच. लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आला आणि पुढे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. काही काळ डिकसळ हेच या मार्गाचे टोक होते, ही गोष्ट आपल्या भिंतीवर एका ओळीत तरी यावी असे मला वाटते.

भीमाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानतो. तीन आठवड्यांत जे झाले ते कळवतो.

पहिल्यांदा मी नकाशा फक्त कोपऱ्यांवरून बसवला आणि बाईंनी सांगितले होते तसेच झाले, पूल खऱ्या पुलापासून बाजूला पडला. मग पूल, दोन देवळे, एक तिठा आणि माळावरची त्रिकोणी खूण यांसारख्या एकूण नऊ जागा जुळवल्या, तेव्हा नकाशा बसला. गावठाण १,६०० च्या रेषेच्या किंचित वर येते. म्हणजे ते उघडे पडत असेल किंवा नसेलही, आणि मी भिंतीवर त्याविषयी काही लिहिणार नाही.

‘१५ आर’ ही खूण आत्याला दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, “दरड व्हय? तिथं आम्हाला जाऊ देत नव्हते. पाण्याला खालच्या अंगानं जायचं, वड्याच्या तोंडाशी.” नकाशात त्या दरडीच्या खालच्या अंगाला खरोखरच एक ओढा नदीला मिळतो आणि गावातून निघालेली तुटक रेघांची पायवाट तिथेच जाऊन संपते. ती वाट कशासाठी होती हे मला इतके दिवस कळले नव्हते.

वाडीचा शोध अजून लागलेला नाही. आत्या सांगते की वडिलांची वस्ती पायवाटेच्या उगवतीला, एका विहिरीच्या कडेला होती. नकाशावर त्या बाजूला दोन निळी वर्तुळे आहेत आणि ती एकमेकांपासून जवळजवळ अर्धा मैल लांब आहेत. भूकरमापक काकांनी सांगितलेला संयुक्त मोजणीचा कागद मागण्यासाठी अर्ज केला आहे. एका कार्यालयाने तो आपल्याकडे नसल्याचे तोंडी सांगितले, तेव्हा दुसरीकडेही लेखी अर्ज दिला. गावकुसाबाहेरच्या घरांपैकी दोन कुटुंबे आता दौंडला असतात. त्यांच्याकडे येत्या रविवारी नकाशाची मोठी प्रत घेऊन जाणार आहे.

जुना भूकरमापक

निवाड्यात विहिरींची नोंद मालकाच्या नावाने आणि सर्व्हे नंबराने असते. तुमच्या आजोबांचे पूर्ण नाव आणि त्या काळचा जुना सर्व्हे नंबर अर्जात घाला, नुसते गावाचे नाव घातले तर कारकुनाला शेकडो पाने उलटावी लागतील. दौंडला जाताना मेणकागद न्या. तो नकाशावर ठेवून प्रत्येकाची वाट वेगळ्या कागदावर आखून घ्या, म्हणजे एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीवर चढणार नाही. कोणती विहीर हे तिथेच कळण्याचा संभव आहे.